गृहभेटीत काय पाहावे आणि अहवालात काय लिहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या रामकुंडाच्या परिसरात द्रोणातले दिवे विकताना सापडलेली दोन भावंडे, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, बाल कल्याण समितीच्या आदेशाने सध्या दोन वेगवेगळ्या बालगृहांत आहेत. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई हंगामात टोळीबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जाते आणि एरवी मुले पंचवटीतल्या एका वस्तीत आजीजवळ राहतात. तुम्हाला पंधरा दिवसांत समितीला मुलांच्या घरच्या परिस्थितीचा, म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा आहे, घर दहा बाय बाराचे आणि पत्र्याचे आहे, आणि ‘अशा घरी मुले परत पाठवा अशी शिफारस मी कोणत्या तोंडाने करू’, असे तुम्ही विचारले आहे. समाजकार्याच्या नोकरीला लागून तीनच महिने झाल्याचेही तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबले तरी तुम्ही सांभाळून घ्याल असे धरून चालते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ३ पुन्हा एकदा सावकाश वाचा. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, ही दोन्ही तत्त्वे तिथे स्पष्ट शब्दांत दिलेली आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की मुलाला घरी पाठवण्यासाठी घर चांगले असल्याचे तुम्हाला सिद्ध करायचे नसते. मुलाला संस्थेत ठेवायचे असेल, तर घरी का ठेवता येत नाही, हे दाखवून द्यावे लागते. तेव्हा ‘कोणत्या तोंडाने’ हा प्रश्न पडायचाच असेल, तर तो उलट शिफारस करताना पडावा. बालगृहात पक्की इमारत असते, वेळेवर जेवण असते, शौचालय असते, आणि पत्र्याच्या खोलीशी तुलना केली तर बालगृह नेहमीच जिंकते. ती तुलना कायद्याने आपल्याला करायलाच सांगितलेली नाही.

आता मुले समितीपुढे आली ती योग्यच आली, कारण काम करताना, भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना आढळलेले मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या व्याख्येत बसते, आणि अशा मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. परंतु व्याख्येत बसणे हे चौकशी सुरू करण्याचे कारण असते, चौकशीचा निष्कर्ष नसतो. आपल्याकडे शोधमोहिमेतल्या कागदावर कोणीतरी घाईत ‘भीक मागत होती’ असे लिहितो आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच वाक्य उतरत जाते. तुमच्या पत्रात ‘दिवे विकताना’ असे आहे, सोबतच्या नोंदीत मात्र ‘भिक्षा’ हा शब्द आहे. हा फरक किरकोळ समजू नका. मुलांना भीक मागायला लावणे हा याच कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि तो शब्द तसाच राहिला तर उद्या आईला आरोपी म्हणून उभे राहावे लागेल.

म्हणून घरी जाण्याआधी एका संध्याकाळी घाटावर जा. आरतीच्या वेळी, लोक दिवे सोडायला येतात तेव्हा, अर्धा-पाऊण तास नुसते बसून पाहा. इतर मुले दिवे कुठून आणतात, संपले की पुन्हा कोणाकडे जातात, पैसे कोणाच्या हातात देतात, हे विचारावे लागत नाही, ते दिसते. माल आजीने घरी वळलेल्या वातींचा आणि स्वतः लावलेल्या द्रोणांचा असेल, आणि मुले शाळा सुटल्यावर तिच्याशेजारी बसत असतील, तर बालकामगार कायद्यातही शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामाला हातभार लावण्यास, ते काम धोक्याचे नसेल तर, मुभा आहे. पण माल कोणा तिसऱ्याचा असेल, तो शंभर द्रोण मोजून देत असेल आणि रात्री हिशेब घेत असेल, तर प्रकरण वेगळे आहे, आणि त्यात जबाबदार धरायचा माणूस आजी नसून तो तिसरा आहे. ‘माल कोणाचा आणि गल्ला कोणाचा’ हे दोन प्रश्न मी अशा प्रत्येक प्रकरणात सगळ्यांत आधी विचारते.

यानंतर गृहभेट, आणि इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सातपूरकडच्या एका वस्तीत सकाळी अकरा वाजता गृहचौकशीला गेले. ती आमच्या सोयीची वेळ होती, कारण दुपारी गाडी परत द्यायची होती. घराला बाहेरून कडी, दारात उष्टी भांडी, आणि शेजारीण म्हणाली, ‘ती कुठं असते घरी, दिवसभर हिंडती.’ मी अहवालात लिहिले: ‘घर अस्वच्छ, आई निष्काळजी, मुलीकडे लक्ष देण्यास असमर्थ.’ आई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर पहिल्या पाळीला जात असे आणि चार वाजता घरी येत असे, हे मला एक वर्षाने कळले. तोवर सात वर्षांची ती मुलगी एक वर्ष दोन महिने संस्थेत राहिली होती. ती घरी परतल्यावर पहिल्या पाठपुराव्याला मी मुद्दाम संध्याकाळी गेले. आईने चुलीवरून भाकरी उतरवली, तशी ती पोर उठली, ताट घेतले, आणि त्या एवढ्याशा खोलीत दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आईला काय चालले आहे ते कळेना. मला कळले, ती रांगेत उभी होती.

तेव्हापासून मी एका घरी किमान दोनदा जाते, एकदा आधी निरोप देऊन आणि एकदा न सांगता, आणि दोन्हींतली एक भेट दिवेलागणीनंतरची ठेवते. पोलिसांना किंवा सरकारी गाडीला गल्लीच्या तोंडाशी थांबवते, कारण गाडी दारात उभी राहिली की पुढची उत्तरे गल्ली ऐकत असते आणि घर गल्लीला ऐकवण्यासाठी बोलते. चपला बाहेर काढते आणि चहा दिला तर घेते. पिठाचा डबा उघडून पाहणारे कार्यकर्ते मी पाहिलेले आहेत. त्याची काहीही गरज नसते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्या घराची उधारीची वही असते, आणि आजीची हरकत नसेल तर दुकानदार ती दाखवतो. तेल, साखर, तांदूळ किती दिवसांनी नेले, मुलांसाठी बिस्किटाचा पुडा कधी लिहिला आहे, आणि तंबाखूच्या पुड्या किती, एवढ्यावरून घरातल्या जेवणाचे चित्र डब्यात डोकावण्यापेक्षा बरेच खरे मिळते.

घरात शिरल्यावर मुले कुठे झोपतात ते विचारा आणि ती जागा प्रत्यक्ष पाहा. दप्तर कुठे लटकते ते पाहा. गणवेश धुतलेला आहे का, की फक्त पंधरा ऑगस्टपुरता जपून ठेवला आहे? अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना वेगवेगळे भेटा, कारण दोघी एकत्र असल्या की एकीच्या मताला दुसरी मान डोलावते. शाळेत जाऊन नुसता ‘नियमित की अनियमित’ असा शेरा आणू नका, हजेरीपट मागून घ्या आणि गैरहजेरीच्या तारखा उतरवून काढा. गोदाघाटावरच्या मुलांच्या बाबतीत त्या तारखा पुष्कळ सांगून जातात. गैरहजेरी अमावास्येला, श्रावणी सोमवारी, ग्रहणाच्या दिवशी असेल, तर मूल गर्दीच्या दिवशी घाटावर असते आणि एरवी शाळेत असते, एवढेच त्यातून निघते, आणि त्यावर उपायही तेवढ्याच दिवसांपुरता शोधायचा आहे. गैरहजेरी सलग दोन-दोन महिन्यांची असेल, तर मुले आईबरोबर बागेवर जातात काय, हे विचारायला हवे.

आईच्या बाबतीत हाच प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून थिनिंग (मणी विरळणे), डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) आणि पुढे खुडा, म्हणजे तोडणी, संपेपर्यंत पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली माणसे टोळीने दिंडोरी-निफाडच्या बागांवर असतात, आणि अनेकदा टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल किती, कशासाठी घेतली, फिटली का, आणि ती फिटेपर्यंत तिला टोळी सोडता येते का, हे विचारल्याशिवाय आईच्या अनुपस्थितीविषयी एक अक्षरही लिहू नका. नवऱ्याच्या आजारपणासाठी घेतलेली उचल फेडत असलेली बाई ‘मुलांना आजीवर टाकून जाते’ असे अहवालात आले, तर तो अहवाल खोटा ठरतो, जरी त्यातला प्रत्येक शब्द खरा असला तरी. हा प्रश्न दुसऱ्याही कारणासाठी विचारायचा असतो. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकरी कुटुंबांतली लहान मुले मेंढपाळांकडे वेठीला ठेवली गेल्याचे उघड झाले, आणि तेही एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. कर्ज आणि मूल यांची गाठ पडू शकते हे आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्याने गृहीतच धरले पाहिजे, आणि म्हणून गरिबीकडे सहानुभूतीने पाहणे म्हणजे गरिबीविषयी प्रश्न न विचारणे, असा अर्थ कृपया करून घेऊ नका.

उलट बाजूचेही एक उदाहरण इथलेच आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून बिहारहून मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुले तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाड इथे उतरवली गेली, ती काही दिवस नाशिक आणि जळगावच्या संस्थांत राहिली, त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांवर गुन्हे दाखल झाले, आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग पोलिसांनी हे सारे गैरसमजातून घडल्याचे सांगून ती प्रकरणे बंद केली. फलाटावर संशय येणे मी समजू शकते. ठेवून घेतल्यानंतरचा प्रत्येक दिवस मात्र कोणाच्या तरी लेखी निष्कर्षावर उभा असतो, आणि तो निष्कर्ष लिहिणाऱ्यांत आपण असतो.

म्हणून अहवालाची भाषा. माझी पद्धत अशी आहे की कच्च्या वहीत तीन रकाने आखायचे: मी पाहिले, मला सांगितले, मला वाटते. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात सांगणाऱ्याचे मुलाशी नाते, आणि तिसरा रकाना शक्य तितका रिकामा. ‘घर अस्वच्छ आहे’ हे वाक्य तिसऱ्या रकान्यातले आहे. त्याऐवजी ‘एकच खोली, चूल दाराशी असल्याने भिंत काळी, भांडी घासून पालथी घातलेली, पिण्याचे पाणी झाकलेल्या कळशीत, सार्वजनिक शौचालय सुमारे दोनशे पावलांवर, तिथे रात्री दिवा नाही’ असे लिहिले, की समितीच्या सदस्यांना घर दिसते. शिवाय शेवटचे वाक्य घराविरुद्धचा शेरा न राहता महापालिकेकडे पाठवायच्या पत्राचा विषय बनते. अकरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने तो दिवा पत्र्याच्या छपराहून कितीतरी महत्त्वाचा आहे. ‘आजी वृद्ध असून सांभाळण्यास असमर्थ’ हेही असेच. आजीचे वय लिहा, तिला दिसते किती, ती स्वतः पाणी भरते का, रात्री मुलगा आजारी पडला तर ती कोणाला हाक मारते, आणि तो माणूस खरोखर येतो का, हे लिहा. शेवटचा प्रश्न शेजाऱ्याला स्वतंत्रपणे विचारून पडताळा.

नातेवाइकांची यादी करताना ‘आणखी कोण आहे’ असे विचारू नका. त्याला ‘कोणी नाही’ हेच उत्तर येते. ‘वडिलांच्या दहाव्याला कोण कोण आले होते’ असे विचारा. तिथून मामा, आत्या, चुलत आजोबा, सगळी नावे निघतात, आणि कोण आले नाही व का आले नाही, तेही निघते. मात्र नाव निघाले म्हणून ते घर सुरक्षित ठरत नाही. एका प्रकरणात मी मामाच्या घराला भेट न देताच केवळ मामाच्या रडण्यावर विश्वास ठेवून शिफारस केली होती. मामा सज्जन होता, पण त्याच घरात त्याचा दारू पिणारा मेहुणा राहत होता, आणि मुलगा तीन आठवड्यांत पळून नाशिकरोड स्टेशनवर आला. ज्या घरात मूल झोपणार आहे त्या घरातल्या प्रत्येक माणसाला पाहिल्याशिवाय शिफारस करू नये, एवढा नियम मी त्यानंतर कधी मोडलेला नाही.

ज्या खुणा दिसल्यास वरचे सगळे बाजूला ठेवायचे, त्या तुम्हाला अभ्यासक्रमात शिकवलेल्या आहेत आणि मी त्या पुन्हा सांगत बसत नाही. एवढेच सांगते की मुलांशी वेगवेगळे, आजी आणि बालगृहातल्या मॅडम या दोघींच्याही कानाआड बोला, आणि मुलीकडून लैंगिक अत्याचाराचा इशारा जरी मिळाला, तरी पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. अहवालाच्या तारखेपर्यंत थांबायचे नाही आणि स्वतः खोदून जबाब घ्यायचा नाही. माराच्या खुणा असतील तर त्या किती जुन्या दिसतात हे डॉक्टरांना ठरवू द्या.

तुम्ही पाठवलेल्या टिपणावरून मला अशी खूण कुठे दिसली नाही. मला दिसते ती एक म्हातारी, कर्जातली एक आई, आणि महिन्याला काही हजार रुपयांची तूट. तुटीसाठी आपल्याकडे योजना आहेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच वाढावे यासाठीची मदत, दरमहा ४,००० रुपयांचे आहे, आणि त्याला ग्रामीण भागात वार्षिक ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये अशी उत्पन्नाची मर्यादा आहे. आई विधवा असल्याने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १,५०० रुपये तिला स्वतंत्रपणे मिळू शकतात. (कोविडमध्ये विधवा झालेल्या स्त्रियांसाठी राज्याने २०२१ मध्ये चालवलेला उपक्रमही ‘मिशन वात्सल्य’ याच नावाचा होता, त्यामुळे तालुक्याच्या कचेरीत कोणी ‘ती योजना बंद झाली’ म्हणाले तर आधी कोणती ते विचारा.) यातली खरी अडचण कागदांची आहे. वडिलांचा मृत्यू गावाकडे झाला असेल तर दाखला त्या ग्रामपंचायतीतून आणावा लागेल, रेशनकार्डावर मुलांची नावे आहेत का ते पाहावे लागेल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल, आणि यातल्या एकेका कागदासाठी आईचा एकेक रोज बुडतो. म्हणून शिफारशीत ‘कुटुंबास योजनेचा लाभ द्यावा’ असे मोघम लिहून सोडू नका. कोणता कागद आहे, कोणता नाही, तो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत आणणार, हे लिहा, आणि त्यातले दोन-तीन कागद स्वतः जाऊन आणा. हे तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसेल, पण माझ्या अनुभवात घरी परतलेली मुले पुन्हा घाटावर दिसण्याचे पहिले कारण अनुदान सुरू व्हायला लागलेला वेळ हेच असते.

भावंडे वेगवेगळ्या संस्थांत आहेत, याबाबत मात्र अहवालाची वाट पाहू नका. चौकशी चार महिन्यांत पूर्ण करायची मुदत कायद्यात आहे, पण आठ वर्षांच्या मुलाने बहिणीला चार महिने न पाहणे हे मुदतीत बसले तरी योग्य नाही. आठवड्यातून एकदा दोघांची भेट घडवावी असा अर्ज उद्याच समितीला द्या. आजी बालगृहात भेटायला आली तर तिला आत घेतले जाते का, की ओळखपत्रावरून परत पाठवले जाते, तेही पाहा, आणि ती किती वेळा आली त्याची नोंद भेटवहीतून उतरवून अहवालात घाला. पंचवटीहून दोन रिक्षा बदलून दर रविवारी येणारी आजी हा ‘असमर्थ’ या शब्दाविरुद्धचा पुरेसा पुरावा आहे.

शिफारस माझ्या मते अशी असावी: दोन्ही मुले एकाच दिवशी आई आणि आजी यांच्या ताब्यात द्यावीत आणि समितीने आदेशात समाजकार्यकर्त्याची देखरेख घालावी, कारण देखरेखीसह मुले सोपवण्याची तरतूद कायद्यात आहे. मुले बागेवर न्यावीच लागली तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन तिथल्या शाळेत बसवावीत, आणि गर्दीच्या दिवसांत घाटावर काय करायचे हे आजीशी बोलून, तिला परवडेल असे, लेखी ठरवावे. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे आणि घाटावरची कमाई त्या काळात वाढणार आहे, हे आजीला आपल्यापेक्षा चांगले कळते; ‘मुलांना तिथे अजिबात आणणार नाही’ असे हमीपत्र तिच्याकडून लिहून घेतले, तर पुढच्या वेळी मुले सापडतील तेव्हा तेच पत्र तिच्याविरुद्ध वापरले जाईल. शाळेच्या वेळेत नाही आणि दिवे लागल्यावर आजीच्या नजरेआड नाही, एवढे पुरे आहे.

पहिली पाठपुरावा भेट मुले घरी गेल्यापासून चार-पाच दिवसांत, संध्याकाळी घ्या. दुसरी महिन्याने, शाळेतच. आणि एक भेट ऑक्टोबर छाटणीला टोळी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात, आई घरी असताना घ्या, कारण मुलांची पुढच्या सहा महिन्यांची व्यवस्था त्याच आठवड्यात ठरते.